१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०: तारखेचा टाइमस्टॅम्प कसा होतो आणि मधेच एक दिवस कुठे हरवतो?

मोबाइलमधल्या एखाद्या फाइलची माहिती उघडली आणि तिथे ‘१ जानेवारी १९७०, ५:३०’ अशी तारीख दिसली, असं अनेकांच्या बाबतीत झालं असेल. कधी ती एखाद्या ॲपमधल्या ऑर्डरवर दिसते, कधी ऑनलाइन अर्जाच्या पावतीवर. त्या पहाटे भारतात काही खास घडलेलं नव्हतं. कॉम्प्युटरला तारीख मिळालीच नाही, रकान्यात शून्य राहिलं आणि त्याने ते शून्य भारतीय वेळेत करून दाखवलं, एवढंच.

३१ डिसेंबर २०१५ रोजी फेसबुकने जगभरातल्या अनेकांना ‘तुमच्या मैत्रीला ४६ वर्षं झाली’ अशा शुभेच्छा दिल्या होत्या. स्क्रीनशॉट भरपूर फिरले. फेसबुक स्वतः २००४ सालचं, शुभेच्छा मिळालेले कित्येक जण चाळिशीच्याही आतले. पण हिशेब जुळतो. शून्याची वेळ अमेरिकेत ३१ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ असते आणि त्यात ४६ मिळवले की २०१५. मैत्रीच्या तारखेच्या जागी कुठेतरी शून्य बसलं असणार, हाच अंदाज तेव्हा सर्वांनी केला.

तर हे शून्य काय आहे, नेहमीच्या तारखेचा तो भलामोठा आकडा कसा होतो आणि या बदलात जन्मतारीख एक दिवस मागे का सरकते, ते बघूया. उदाहरणासाठी वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं कामरगाव घेऊ. का, ते पुढे कळेलच.

टाइमस्टॅम्प म्हणजे नेमकं काय?

तारीख लिहिण्याच्या पद्धती माणसागणिक बदलतात. ०३/०४/२०२४ हे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकन माणसासाठी ४ मार्च. महिने कधी ३० दिवसांचे, कधी ३१ चे, फेब्रुवारीचं तर विचारूच नका. कॉम्प्युटरला दोन तारखांमधलं अंतर काढायचं असेल, यादी क्रमाने लावायची असेल तर हे सगळं डोकेदुखीचं असतं. म्हणून त्याने सोपा मार्ग धरला: एक क्षण ‘शून्य’ म्हणून ठरवायचा आणि तिथून किती सेकंद गेले ते मोजत राहायचं. त्या सेकंदांच्या आकड्याला टाइमस्टॅम्प म्हणतात.

हा शून्य क्षण म्हणजे १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र. पण कुठली मध्यरात्र? जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे यूटीसीची. इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या रेखावृत्तावर बेतलेली ही वेळ आपल्या साडेपाच तास मागे आहे. म्हणून आपल्याकडे शून्य ‘पहाटे ५:३०’ असं दिसतं. भारतात १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र झाली, तो क्षण शून्याच्याही आधीचा: उणे १९८००.

हे वर्ष निवडण्यामागे फार मोठा विचार नव्हता. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स ही प्रणाली लिहीत होते, तेव्हाची ही सोय. सुरुवातीच्या युनिक्समध्ये तर शून्य १ जानेवारी १९७१ ला होतं आणि मोजणी सेकंदाच्या साठाव्या भागात चालायची. त्या वेगाने ३२ बिटांची जागा सव्वादोन वर्षांतच भरणार होती. मग सेकंद आले आणि १९७० कायम झालं. आज अँड्रॉइड फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत बहुतेक ठिकाणी तोच शून्यबिंदू चालतो.

वाशीम जिल्ह्याचा टाइमस्टॅम्प

३० जून १९९८ च्या रात्री कामरगावचा माणूस अकोला जिल्ह्यात झोपला आणि सकाळी वाशीम जिल्ह्यात उठला. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्या मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प हाताने काढूया.

१९७० ते १९९७ ही पूर्ण २८ वर्षं. २८ गुणिले ३६५ म्हणजे १०,२२० दिवस. यात ७२, ७६, ८०, ८४, ८८, ९२ आणि ९६ ही सात लीप वर्षं, म्हणजे आणखी ७ दिवस: १०,२२७. आता १९९८ मधले जानेवारी ते जून: ३१, २८, ३१, ३०, ३१, ३०. बेरीज १८१. एकूण १०,४०८ दिवस.

एका दिवसात ८६,४०० सेकंद. १०,४०८ गुणिले ८६,४०० म्हणजे ८९,९२,५१,२००.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच घोळ होतो. हा आकडा यूटीसीनुसारच्या मध्यरात्रीचा आहे, कामरगावच्या मध्यरात्रीचा नाही. कामरगावात १२ वाजले तेव्हा यूटीसीच्या घड्याळात ३० जूनचे संध्याकाळचे साडेसहाच झाले होते. म्हणजे आपली मध्यरात्र साडेपाच तास आधी येऊन गेली. साडेपाच तासांचे सेकंद १९,८००. ते वजा केले की खरं उत्तर: ८९९२३१४००. वाचायचं तर ८९ कोटी ९२ लाख ३१ हजार ४००.

१९८०० हा आकडा भारतातल्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. भारतीय तारखेचा टाइमस्टॅम्प करताना तो वजा, टाइमस्टॅम्पची तारीख करताना अधिक.

सरकारी राजपत्रावर याच दिवसाची आणखी एक तारीख असते: आषाढ १०, शके १९२०. ही भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतली तारीख. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या या दिनदर्शिकेत आषाढाची पहिली तारीख दरवर्षी २२ जूनलाच येते, त्यामुळे तिचा टाइमस्टॅम्प काढणं सोपं आहे. घरातल्या पंचांगाचं तसं नाही. तिथला आषाढ चंद्रावर चालतो. कधी अधिक महिना येतो, कधी तिथीचा क्षय होतो, आणि त्या दिवशीची तिथी सूर्योदयाला कोणती होती यावर ठरते. सूर्योदय पुन्हा गावानुसार वेगळा. आजीचा वाढदिवस तिथीने करायचा असेल तर कॉम्प्युटरला आधी पंचांग शिकवावं लागतं, मग टाइमस्टॅम्प.

एकेकाळी शून्य रेषा वाशीमवरून जात होती

‘कुठली मध्यरात्र’ हा प्रश्न कॉम्प्युटरने आणलेला नाही. भारतीय ज्योतिर्गणितात तो दीड हजार वर्षांपूर्वीही होता, आणि त्याचं एक उत्तर वाशीम जिल्ह्यातलंच आहे.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सातव्या शतकात होऊन गेलेल्या पहिल्या भास्कराचार्यांचा ‘महाभास्करीय’ नावाचा ग्रंथ आहे. (‘लीलावती’वाले भास्कराचार्य वेगळे, ते बाराव्या शतकातले.) लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवर कोणती गावं येतात, याची यादी त्यात दिलेली आहे. तीत अवंती म्हणजे उज्जैन आहे, स्थानेश्वर आहे आणि वत्सगुल्मही आहे. वाशीम शहरातल्या मध्यमेश्वर मंदिराचं नावही याच मध्यरेषेशी जोडलं जातं. आजच्या नकाशावर उज्जैन आणि वाशीम एका रेषेत येत नाहीत, वाशीम सव्वा-दीड अंश पूर्वेला आहे. त्या काळची मोजमापाची साधनं पाहता ही चूक मोठी म्हणता येणार नाही.

ही रेषा कशाला हवी होती? तर ‘अहर्गण’ काढायला. अहर्गण म्हणजे ठरलेल्या आरंभापासून आजपर्यंत गेलेल्या दिवसांची संख्या. ग्रह आज कुठे आहे हे काढायचं तर आधी तिथी, महिना, शक या सगळ्याचा मिळून एकच आकडा करावा लागतो, मग त्याला ग्रहाच्या रोजच्या गतीने गुणता येतं. म्हणजे टाइमस्टॅम्पच, फक्त सेकंदांऐवजी दिवसांत. आरंभ धरलेला कलियुगाचा, म्हणजे इसवी सन पूर्व ३१०२ मधली १८ फेब्रुवारी. त्या दिवसापासून मोजलं तर कॉम्प्युटरच्या शून्याला, १ जानेवारी १९७० ला, १८,५२,१२२ दिवस झाले होते.

आणि वादही तोच होता. दिवस मध्यरात्री सुरू होतो की सूर्योदयाला? मध्यरात्र मानणारे आणि सूर्योदय मानणारे असे दोन पक्ष होते आणि त्यांची गणितं वेगवेगळी यायची. शिवाय मध्यरेषेवर नसलेल्या गावासाठी उत्तरात दुरुस्ती करावी लागे. तिला नाव होतं देशांतर संस्कार. आपण १९८०० वजा केले तो देशांतर संस्कारच होता, फक्त रेषा वत्सगुल्मावरून ग्रीनिचला गेली आहे. कामरगावच्या ज्योतिषाला वत्सगुल्मापासून मिनिट-दीड मिनिटाचा फरक धरून भागलं असतं. आपल्याला साडेपाच तास धरावे लागतात.

महाराष्ट्रात याच्या पुढचं पाऊल कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी टाकलं. कलियुगापासूनचे दिवस लाखांत जातात आणि हाताने गुणाकार करताना जीव जातो. त्यांनी ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात आरंभच शके १४४२ ला, म्हणजे १५२० सालात आणला. वर ११-११ वर्षांची चक्रं पाडली, एक चक्र ४०१६ दिवसांचं. त्यामुळे मोजायचे दिवस कधी चार हजारांच्या फार पुढे जातच नाहीत. पुढची कित्येक शतकं इकडची पंचांगं या ग्रंथावरून होत राहिली. शून्यबिंदू आपल्या जवळ आणला की आकडे छोटे होतात, ही युक्ती लक्षात ठेवा. एक्सने, म्हणजे जुन्या ट्विटरने, तेच केलं आहे. त्याकडे पुढे येऊ.

१ जूनचा वाढदिवस ३१ मेला कसा जातो?

महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्यांची संख्या इतकी का, हे तुम्हाला ठाऊक असेल. खरी जन्मतारीख घरात कोणाला माहीत नसायची, शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकायचे. फेसबुकवर त्या दिवशी शुभेच्छांचा पूर येतो तो यामुळे.

आता समजा, कामरगावच्या एका निवृत्त शिक्षकांची जन्मतारीख १ जून १९६५ आहे. ती एका ऑनलाइन फॉर्ममध्ये भरली. फॉर्मने ‘१ जून १९६५, मध्यरात्र, भारतीय वेळ’ असं धरून टाइमस्टॅम्प केला: उणे १४४७३९८००. १९७० च्या आधीच्या सगळ्या तारखा अशा ऋण येतात आणि काही कच्चे प्रोग्राम तर त्यांना नकारच देतात. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पण सर्व्हर परदेशात आहे किंवा यूटीसीवर लावलेला आहे. त्याने तो आकडा उघडला तेव्हा त्याच्या घड्याळात ३१ मे १९६५, संध्याकाळचे साडेसहा होते. छापताना वेळ गाळली, फक्त तारीख ठेवली. प्रमाणपत्रावर आलं: ३१ मे.

गंमत म्हणजे या शिक्षकांच्या निवृत्तीत फरक पडत नाही. राज्य सरकारी नियमानुसार ज्या महिन्यात ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती असते, आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. १ जून असो की ३१ मे, निवृत्ती ३१ मेलाच. पण जन्म २ जूनचा असता आणि तो सरकून १ जून झाला असता, तर नोकरीचा अख्खा महिना कागदावर गेला असता. शाळाप्रवेशाच्या वयाची अट, परीक्षेच्या अर्जाची वयोमर्यादा, विम्यातलं वय, सगळीकडे हा एक दिवस आडवा येऊ शकतो. आधार कार्डावर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी असेल तर ती दुरुस्त करायला किती चकरा माराव्या लागतात, हे ज्याने मारल्या त्यालाच विचारा.

दोष टाइमस्टॅम्पचा नाही. टाइमस्टॅम्प हा क्षण आहे, जन्मतारीख हा क्षण नाही. ती दिनदर्शिकेवरचं एक नाव आहे आणि माणूस अमेरिकेत राहायला गेला तरी ते बदलत नाही. त्यामुळे जन्मतारीख, लग्नाची तारीख, सणाची सुट्टी यांचा टाइमस्टॅम्प करूच नये. वर्ष, महिना, दिवस असं साध्या अक्षरांत साठवावं: १९६५-०६-०१. टाइमस्टॅम्प ठेवायचा तो पैसे कधी गेले, मेसेज कधी आला, पोस्ट कधी पडली अशा गोष्टींसाठी. तुम्ही फॉर्म भरणारे असाल तर सबमिट केल्यावर पावतीवरची जन्मतारीख लगेच वाचा. बरोबर एक दिवस मागे दिसत असेल तर तुमचा हात चुकलेला नाही, १९८०० सेकंद चुकलेत. हे सांगून तक्रार केली तर समोरच्याला दुरुस्ती कुठे करायची तेही कळेल.

तारीख जितकी जुनी, तितका घोळ जास्त

आतापर्यंत आपण साडेपाच तास हा फरक कायमचा धरला. तसा तो नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. दुसऱ्या महायुद्धात देशभरातली घड्याळं एक तास पुढे केली गेली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची वेळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. कॉम्प्युटर टाइमझोनची जी सर्वमान्य यादी वापरतात, तिच्यात ही नोंद आहे. पण प्रत्येक प्रोग्राम ती वाचतोच असं नाही. एकाने साडेसहा तास धरून १ जून १९४३ साठवली आणि दुसऱ्याने साडेपाच धरून उघडली, तर रात्रीचे ११ वाजतात आणि तारीख ३१ मे होते. ऐंशी ओलांडलेल्या आजी-आजोबांच्या नोंदींमध्ये हे होऊ शकतं.

मुंबईची तर तऱ्हाच वेगळी होती. शहराची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ होती, यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. देशाने नवी वेळ घेतली तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली. टाइमझोनच्या यादीत मात्र भारतासाठी एकच नाव आहे, कोलकात्याचं. मुंबईची ती ३९ मिनिटं तिथे नाहीतच. जुनी जन्मवेळ हातात घेतली की पत्रिका करणारे ‘कुठल्या घड्याळाची?’ असं विचारायचे ते उगाच नाही.

कामरगावचा सूर्य विचाराल तर तो यातल्या कुठल्याच घड्याळाचं ऐकत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, कामरगाव ७७.५ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे घड्याळात १२ वाजल्यावर सरासरी वीसेक मिनिटांनी इथला सूर्य माथ्यावर येतो.

त्याहून मागे गेलं की दिनदर्शिकाच बदलते. दर फेब्रुवारीत शिवजयंतीच्या तारखेवरून पोस्ट फिरतात, त्यात हा मुद्दा क्वचितच येतो. जेधे शकावलीनुसार शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार. राज्य सरकारने मान्य केलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३०. आता ही तारीख एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाका. वार येईल मंगळवार. मग कोणीतरी ‘शकावली चूक’ किंवा ‘सरकार चूक’ अशी पोस्ट लिहून मोकळं होतं. दोन्ही चूक नाहीत. १९ फेब्रुवारी ही तेव्हाच्या ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत तोच दिवस १ मार्च १६३० येतो, आणि १ मार्च टाकलं की कॉम्प्युटरही शुक्रवारच दाखवतो. कॉम्प्युटर आजची दिनदर्शिका सरसकट मागे ताणत नेतो, १६३० मध्ये इंग्रज वेगळी वापरत होते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे सतराव्या शतकातल्या तारखेचा वार कन्व्हर्टरवरून ‘सिद्ध’ करणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवू नका.

व्हायरल पोस्टची खरी वेळ कशी काढायची?

सोशल मीडियावर या ज्ञानाचा सगळ्यात रोकडा उपयोग इथे आहे. एखादी मोठी घटना घडते आणि स्क्रीनशॉट फिरू लागतो: ‘बघा, ही पोस्ट घटनेच्या आदल्या दिवशीची आहे! यांना आधीच माहीत होतं!’ शेअर करण्याआधी स्क्रीनशॉट कुठे काढला ते विचारा. पुण्यात १५ ऑगस्टला सकाळी ८ वाजता टाकलेली पोस्ट सॅन फ्रान्सिस्कोतल्या फोनवर १४ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसात अशी दिसते. तारीख बघणाऱ्याच्या टाइमझोननुसार बदलते, टाइमस्टॅम्प बदलत नाही.

एक्सवर तो टाइमस्टॅम्प तुम्ही स्वतः काढू शकता. पोस्टच्या लिंकच्या शेवटी १८-१९ आकडी नंबर असतो, त्यातच वेळ दडलेली असते. गणेश दैवज्ञांची युक्ती इथे दिसेल. ट्विटरने आपला शून्यबिंदू १९७० वरून उचलून ४ नोव्हेंबर २०१० ला आणून ठेवला.

कृती अशी. लिंकमधल्या नंबराला ४१९४३०४ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि १२८८८३४९७४६५७ मिळवा. आलेला आकडा मिलिसेकंदांतला टाइमस्टॅम्प. विकिपीडियाच्या खात्यावरच्या एका पोस्टचा नंबर आहे १५४१८१५६०३६०६०३६४८०. भागाकार ३६७५९७४८५४४८ येतो. बेरीज केली की १६५६४३२४६०१०५. शेवटचे तीन आकडे मिलिसेकंद, ते काढले की १६५६४३२४६०. म्हणजे २८ जून २०२२, यूटीसीनुसार दुपारी ४ वाजून ७ मिनिटं ४० सेकंद. आपल्याकडे रात्रीचे ९ वाजून ३७ मिनिटं. एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य करून टाकतं, पण घाबरू नका, त्याने इथे फार तर एका मिलिसेकंदाचा फरक पडतो. स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसत नाही, त्यामुळे मूळ लिंक मागणं आलंच. लिंक द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते तुम्ही ठरवा. आणि नोव्हेंबर २०१० च्या आधीच्या ट्वीटला ही कृती लागू नाही, तेव्हाचे नंबर साध्या क्रमाने दिलेले होते.

व्हॉट्सॲपच्या फोटोच्या नावातली तारीख मात्र पुरावा म्हणून वापरू नका. तो फोटो तुमच्या फोनमध्ये कधी आला एवढंच ती सांगते, कधी काढला ते नाही.

एक्सेलमध्ये पटकन

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये तारखांची यादी असेल तर एक-एक मोजत बसायची गरज नाही. सेलमधल्या तारखेतून २५५६९ वजा करा, ८६४०० ने गुणा, १९८०० वजा करा. झाला भारतीय वेळेचा टाइमस्टॅम्प. उलट जायचं असेल तर टाइमस्टॅम्पमध्ये १९८०० मिळवा, ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा आणि सेलचा फॉरमॅट तारखेचा करा. २५५६९ हा एक्सेलच्या स्वतःच्या मोजणीत १ जानेवारी १९७० चा नंबर. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतं आणि त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरतं. लोटस नावाच्या जुन्या प्रोग्राममधली ही चूक एक्सेलने जुळवून घेण्यासाठी मुद्दाम ठेवली आणि ती आजही तशीच आहे.

आकडा हातात आला की आधी लांबी बघा. १० आकडी असेल तर सेकंद, १३ आकडी असेल तर मिलिसेकंद. १ जानेवारी २०२६ ची भारतातली मध्यरात्र सेकंदांत १७६७२०५८००. हा आकडा मिलिसेकंद समजून उघडला तर उत्तर येतं २१ जानेवारी १९७०. आणि उलट केलं, म्हणजे १३ आकडी आकडा सेकंद समजला, तर इसवी सन ५८ हजाराच्या आसपास जाऊन पोचाल. जानेवारी १९७० मधली कुठलीही विचित्र तारीख दिसली की बहुधा यातलंच काहीतरी झालेलं असतं.

लीप सेकंदांचं काय, असं कोणी विचारेल. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा एक-एक सेकंद वाढवला गेला. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला. टाइमस्टॅम्प हे सेकंद मोजतच नाही, त्याच्यासाठी प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच. तुमच्या-आमच्या कामात याने काही अडत नाही.

१९ जानेवारी २०३८ ला काय होणार?

जुन्या यंत्रांमध्ये टाइमस्टॅम्पसाठी ३२ बिटांची जागा आहे. तिच्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. तो १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला ही यंत्रं एकदम ऋण टोकाला जाऊन १९०१ सालचा डिसेंबर दाखवू लागतील.

नव्या फोन आणि लॅपटॉपमध्ये ६४ बिटांची जागा आहे, तिथे हा प्रश्न उरलेला नाही. अडचण आहे ती एकदा बसवून विसरून गेलेल्या उपकरणांची: जुने राउटर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर, कारखान्यातले कंट्रोलर. शिवाय २०३८ उजाडायची वाटही बघावी लागत नाही. आज २० वर्षांचं कर्ज घेतलं की त्याच्या शेवटच्या हप्त्याची तारीख २०३८ च्या पलीकडे जाते, आणि हप्त्यांचं वेळापत्रक एखाद्या जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रामने काढलं तर तो हप्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडलेला दिसेल.